फुलमणीचा खटला: शिक्षा नेमकी कशाची झाली?

जून १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी नावाची मुलगी नवऱ्याने केलेल्या शरीरसंबंधात जखमी झाली आणि रक्तस्राव न थांबल्याने मेली. वय अकरा वर्षे तीन महिने. नवरा हरी मोहन माइती पुरता वाढलेला बाप्या, वयाने तिच्या जवळजवळ तिप्पट. जुलैमध्ये कलकत्ता उच्च न्यायालयात न्यायमूर्ती विल्सन आणि ज्यूरीसमोर खटला चालला. हरी मोहनला एक वर्ष सक्तमजुरी झाली. कलम होते भारतीय दंड संहितेचे ३३८: दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल इतक्या बेपर्वाईने वागून जबर दुखापत करणे. बेदरकार गाडी चालवून कोणाचा पाय मोडला तर दंड संहिता बदलेपर्यंत, म्हणजे २०२४ पर्यंत, पोलीस याच कलमाखाली गुन्हा नोंदवत.

बलात्कार नाही, खून नाही, सदोष मनुष्यवधही नाही. बेपर्वाई.

बालविवाह आणि बायकांवरची हिंसा यांच्या नात्याबद्दल आपल्याकडे बरेच बोलले जाते, पण बहुतेक वेळा एकाच चालीने: लवकर लग्न झाले की शिक्षण सुटते, मुलगी परावलंबी होते, मग मारझोड, मग छळ. हे खरेच आहे. पण त्यात लग्न ही आधीची पायरी आणि हिंसा नंतरची, असे चित्र उभे राहते. फुलमणीच्या खटल्याची कागदपत्रे वाचताना ते चित्र टिकत नाही. तिथे हिंसा लग्नानंतर आलेली नाही, ती लग्नाच्या परवानगीने आलेली आहे. परक्या माणसाने हेच केले असते तर काय झाले असते, हा प्रश्न विचारला की सगळे प्रकरण उलगडते. म्हणून हा एकच खटला घेऊन मी सविस्तर लिहीत आहे. तो बंगालचा असला तरी त्याचे धागे मुंबई-पुण्यात आधीपासून विणले जात होते आणि त्याची शेवटची टोके आजही परभणी-बीडमध्ये लोंबत आहेत.

घरातल्या बायका काय म्हणाल्या

खटल्यात साक्षी झाल्या त्या घरातल्या बायकांच्या: आई, आजी, मावशी. रात्री आरडाओरडा ऐकून त्या धावल्या आणि मुलगी रक्तात पडलेली दिसली. अंथरूण भिजलेले, नवऱ्याचे कपडेही भिजलेले. काही तासांत ती गेली. शवविच्छेदनात कारण स्पष्ट होते: योनिमार्ग फाटून झालेला रक्तस्राव. मुलगी अजून न्हातीधुती झालेली नव्हती.

इथे थोडे थांबायला हवे. त्या काळच्या रूढीनेसुद्धा मुलीला न्हाण येईपर्यंत तिला नवऱ्याजवळ पाठवायचे नसते. गर्भाधान संस्कार त्यानंतरचा. म्हणजे जे घडले ते शास्त्रालाही मान्य नव्हते, रूढीलाही नव्हते, आणि घरातल्या बायकांनाही नव्हते. तरीही घडले, कारण ते थांबवण्याची ताकद घरात कोणाकडेच नव्हती. जावई घरी आला, त्याचा मान राखायचा, त्याची बायको ती त्याची. लग्न एकदा लागले की ‘अजून नको’ हे सांगण्याचा अधिकार आईच्याही हातून जातो. बालविवाहात मुलीची संमती नसते, हे आपण नेहमी म्हणतो. तिच्या बाजूने बोलू शकणाऱ्या माणसांची संमतीसुद्धा त्या दिवशी एकदाच आणि कायमची काढून घेतली जाते, हे कमी वेळा म्हटले जाते.

चार आरोप, त्यातला शेवटचा

सरकारी पक्षाने हरी मोहनवर चार आरोप ठेवले होते. कलम ३०४ खाली सदोष मनुष्यवध. कलम ३०४-अ खाली निष्काळजीपणाने मृत्यूस कारण होणे. कलम ३२५ खाली जाणूनबुजून जबर दुखापत. आणि ३३८. ज्यूरीने पहिल्या तिन्हींतून त्याला सोडले आणि शेवटच्या, सर्वांत सौम्य आरोपावर दोषी धरले. ३३८ ला जास्तीत जास्त शिक्षाच दोन वर्षांची होती. त्यातले एक मिळाले.

न्यायमूर्ती विल्सन यांनी ज्यूरीला जे समजावून सांगितले ते आजही वाचण्यासारखे आहे. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या आणि त्या एकमेकींना छेदून जातात. पहिली: हिंदू कायदा असो, मुसलमानी असो की इंग्रजांनी केलेला असो, बायकोच्या जिवाची पर्वा न करता तिच्या शरीराचा उपभोग घेण्याचा अनिर्बंध हक्क नवऱ्याला कोणत्याच कायद्याने कधी दिलेला नाही. १८९० सालच्या न्यायाधीशाच्या तोंडी हे वाक्य छोटे नाही. दुसरी गोष्ट: ही मुलगी बायको आहे आणि दहा वर्षांहून मोठी आहे, त्यामुळे बलात्काराचा कायदा इथे लागू होत नाही. कायद्याने जी वयाची रेघ आखलेली नाही ती न्यायाधीशाला किंवा ज्यूरीला स्वतःच्या मनाने आखता येणार नाही.

म्हणजे हक्क अनिर्बंध नाही, पण तो हक्क आहे. मर्यादा ओलांडली तरच गुन्हा, आणि मर्यादा ओलांडली की नाही हे ठरवायचे ते नवऱ्याच्या डोक्यात काय होते यावरून. धोका आहे हे त्याला कळत होते का? कळायला हवे होते का? त्याने पुरेशी काळजी घेतली का? ज्यूरीपुढचे सगळे प्रश्न याच्याभोवती फिरत राहिले. मुलगी ओरडत होती, हे साक्षीत आले. पण ते ओरडणे ‘नको’ म्हणून कायद्याच्या कानावर जाण्याची सोय नव्हती. वयाची अट पार झाली होती.

ही दहा वर्षांची अट आली कुठून? मॅकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये दंड संहितेचा जो मसुदा केला, त्यात नवऱ्याला पूर्ण सूट होती: पुरुषाने स्वतःच्या बायकोशी केलेला संभोग कोणत्याही परिस्थितीत बलात्कार नव्हे. १८६० मध्ये संहिता कायदा झाली तेव्हा त्या सुटीला वयाची कड लावली गेली, बायको दहा वर्षांपेक्षा लहान नसावी. दहाच्या खाली असेल तर नवराही गुन्हेगार. फुलमणी ती कड सव्वा वर्षाने ओलांडून बसली होती. ती आणखी दीड वर्ष लहान असती तर हरी मोहनवर बलात्काराचा खटला चालला असता आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत गेली असती. मुलगी तीच, शरीर तेवढेच कोवळे.

मुंबई आणि पुणे

फुलमणीचा मृत्यू बंगालमध्ये झाला, पण त्याला राजकीय वजन आले ते मुंबईमुळे. मुंबईचे पारशी पत्रकार आणि सुधारक बेहरामजी मलबारी यांनी ऑगस्ट १८८४ मध्ये बालविवाह आणि लादलेल्या वैधव्यावरची टिपणे प्रसिद्ध करून सरकारच्या आणि समाजाच्या मागे भुंगा लावला होता. त्याच वर्षी दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंविरुद्ध नांदायला येण्याचा दावा मुंबई उच्च न्यायालयात लावला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदायला जायचे नाकारले होते. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, तो अपिलात फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये त्यांना सांगण्यात आले की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंगात जाईन, हे रखमाबाईंचे उत्तर सगळ्या देशाने ऐकले. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, त्या विलायतेला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या.

रखमाबाईंचा खटला आणि फुलमणीचा खटला शेजारी ठेवले की कायद्याची दोन्ही दारे दिसतात. एका दारावर कायदा मुलीला म्हणतो, तिकडे जा. दुसऱ्या दारावर, तिकडे जाऊन ती मेली तर म्हणतो, नवऱ्याने जरा सांभाळून वागायला हवे होते.

आणि मारझोड? ती तर सुधारकांच्या घरातही होती. आनंदीबाई जोशी यांचे लग्न नवव्या वर्षी झाले, चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. बायकोला शिकवण्याचा ध्यास घेतलेला नवरा म्हणून गोपाळरावांचे नाव आपण कौतुकाने घेतो. पण अमेरिकेतून त्यांना लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी आठवण काढली आहे ती दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी खाल्लेल्या माराची, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्यांची आणि पुस्तकांची, सोडून जाण्याच्या धमक्यांची. अभ्यासासाठी असो की शरीरसुखासाठी, दहा वर्षांची मुलगी एका मोठ्या माणसाच्या पूर्ण ताब्यात दिली की तो ताबा कसा वापरायचा हे फक्त त्याच्या स्वभावावर राहते. पहिली मराठी स्त्री डॉक्टर झालेल्या बाईलाही त्यातून सुटका नव्हती.

फुलमणीच्या मृत्यूनंतर मलबारींची चळवळ आणि कलकत्त्यातला संताप एकत्र आला. बायकांच्या दवाखान्यांत काम करणाऱ्या स्त्री डॉक्टरांनी व्हाइसरॉयकडे अर्ज पाठवला आणि त्यासोबत स्वतः पाहिलेल्या मुलींची यादी जोडली: फाटलेल्या, लुळ्या पडलेल्या, मेलेल्या. हरी मोहन हा अपवाद, एखादाच नराधम, असे म्हणण्याची सोय त्या यादीने ठेवली नाही. मला या संबंध वादात सगळ्यात मोलाचा कागद हाच वाटतो. बाकी सगळे धर्म, राज्य, स्वाभिमान यांच्याबद्दल बोलत होते. या बाया जखमांबद्दल बोलत होत्या.

९ जानेवारी १८९१ रोजी व्हाइसरॉयच्या मंडळातले कायदा सदस्य सर अँड्र्यू स्कोबल यांनी संमतिवयाचे विधेयक मांडले: दहाऐवजी बारा. पुढचे दहा आठवडे देश पेटला. बंगालमध्ये ‘बंगबासी’ या पत्राने विरोधाची आघाडी उघडली, कलकत्त्याच्या मैदानावर प्रचंड सभा झाल्या. पुण्यात टिळकांनी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या दोन्ही पत्रांतून विरोध केला. त्यांचे म्हणणे होते की परक्या सरकारने आपल्या घरात कायद्याने शिरू नये, सुधारणा आतून व्हावी. त्याआधी त्यांनीच सुधारकांना आव्हान दिले होते की मुलींची लग्ने सोळाच्या आत आणि मुलांची विसाच्या आत करणार नाही, अशी शपथ आधी स्वतःपुरती घ्या. हा प्रस्ताव विधेयकाच्या बाराच्या किती पुढे होता ते पाहा. आगरकरांचे ‘सुधारक’ कायद्याच्या बाजूने ठामपणे उभे राहिले. रा. गो. भांडारकरांनी शास्त्रवचने काढून दाखवली की पहिल्या न्हाणालाच गर्भाधान झाले पाहिजे असा अटळ दंडक नाही. टिळकांनी त्या अर्थालाही आव्हान दिले.

टिळकांच्या युक्तिवादात राजकीय शहाणपण नव्हते असे कोणी म्हणू नये. परकी सत्ता सुधारणेच्या नावाखाली काय करते हे त्यांना नीट कळत होते. पण वाद जसजसा वाढला तसतशी फुलमणी त्यातून नाहीशी झाली, हे मला विसरता येत नाही. कायदा कोणी करायचा, शास्त्राचा अर्थ कोणी लावायचा, हिंदू पुरुषाची इज्जत कोणी ठरवायची, यावर शेकडो स्तंभ लिहिले गेले. दोन्ही बाजूंनी लिहिणारे जवळजवळ सगळे पुरुषच होते. रखमाबाईंसारख्या एखाद्या बाईचा आवाज त्यात आला तो अपवाद म्हणून.

कायदा झाला, आणि निसटला

१९ मार्च १८९१ रोजी विधेयक मंजूर झाले. बायको असो वा नसो, बारा वर्षांखालच्या मुलीशी संभोग हा बलात्कार. पण नवऱ्यासाठी त्याच कायद्यात पळवाट तयार ठेवली होती. नवऱ्याविरुद्धची तक्रार फक्त चीफ प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट किंवा जिल्हा मॅजिस्ट्रेटलाच दाखल करून घेता येणार, आणि पोलिस तपास करायचा तर इन्स्पेक्टरच्या खालच्या हुद्द्याच्या माणसाने करायचा नाही. घरातल्या बाईमाणसाची विटंबना होऊ नये, असे कारण सांगितले गेले. परिणाम असा की खेड्यातल्या आईला तक्रार करायची असेल तर जिल्ह्याच्या गावी जाऊन साहेबासमोर उभे राहणे भाग होते. ते कोण करणार?

पुढची जवळजवळ चाळीस वर्षे हेच चालले. १९२५ मध्ये वय पुन्हा वाढवले तेव्हा नवऱ्यासाठी तेरा आणि परक्यासाठी चौदा असे दोन आकडे झाले. इथे एक मोठी फट पडली आणि ती पुढे रुंदावतच गेली. १९२५ पर्यंत निदान वय तरी दोघांना एकच होते. आता तेरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत कायदा उघडपणे म्हणू लागला की हेच कृत्य परक्याने केले तर बलात्कार, नवऱ्याने केले तर काहीच नाही.

१९२८ मध्ये सरकारने संमतिवय समिती नेमली. अध्यक्ष होते सर मोरोपंत जोशी, वऱ्हाडातले नामांकित वकील. समितीने देशभर फिरून साक्षी घेतल्या आणि तिला आढळले की कायदा आहे हेच बहुतेकांना माहीत नाही, आणि ज्यांना आहे तेही तक्रार करत नाहीत, कारण नवरा तुरुंगात गेला तर मुलीचे काय. समितीने रोगाचे मूळ बरोबर ओळखले: लग्नाचेच वय वाढवल्याशिवाय घरातला अत्याचार थांबणार नाही. त्यातून १९२९ चा शारदा कायदा आला, मुलीचे लग्नाचे वय चौदा. पण त्याच समितीने अशीही शिफारस केली की नवऱ्याने अल्पवयीन बायकोवर केलेल्या कृत्याला बलात्कार म्हणू नये, त्याला ‘वैवाहिक गैरवर्तन’ म्हणावे आणि ते बलात्काराच्या प्रकरणातून काढून वेगळे ठेवावे. इतके पाहिलेल्या, इतके ऐकलेल्या माणसांनासुद्धा नवरा आणि बलात्कार हे दोन शब्द एका ओळीत लिहिणे जमले नाही.

स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये, आकडे झाले परक्यासाठी सोळा आणि नवऱ्यासाठी पंधरा. मग राज्यघटना आली, १९७८ मध्ये मुलीचे लग्नाचे वय अठरा झाले, २००६ मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायदा आला, २०१२ मध्ये पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा आला, दिल्लीच्या घटनेनंतर २०१३ मध्ये संमतीचे वय अठरा झाले. आणि या सगळ्यातून बलात्काराची व्याख्या करणाऱ्या कलम ३७५ च्या, नवऱ्याला सूट देणाऱ्या दुसऱ्या अपवादातला पंधराचा आकडा हलला नाही. पंधरा ते अठरा या वयाची मुलगी: तिचे लग्न लावणे गुन्हा, तिच्याशी कोणीही शरीरसंबंध केला तर पॉक्सोखाली गुन्हा, फक्त दंड संहितेत नवऱ्याला मोकळीक. ‘इंडिपेंडंट थॉट’ या संस्थेने याच विसंगतीवर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. केंद्र सरकारने अपवाद टिकवावा असेच म्हटले: देशात बालविवाह होतातच, अशा जोडप्यांची संख्या कोटींत आहे, विवाहसंस्था जपायला हवी. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यायमूर्ती मदन लोकूर आणि न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांनी त्या अपवादातली वयाची कड अठरापर्यंत नेली. बायको अठराच्या खाली असेल तर नवऱ्याचा संभोग हा बलात्कारच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये आता अठराचाच आकडा छापलेला आहे.

फुलमणीपासून इथपर्यंत १२७ वर्षे लागली. आणि या काळात वयाचा आकडा पाचदा बदलला, ‘ती बायको आहे’ हे कारण मात्र एकदाही तपासले गेले नाही. २०१७ च्या निकालाने ते अठराच्या खाली मोडून काढले. अठराच्या वर ते अजून जसेच्या तसे आहे, आणि त्या प्रश्नाला आपण हात घालत नाही, असे न्यायालयाने निकालातच सांगून ठेवले.

भीतीने लावलेली लग्ने

हा खटला वाचताना एक प्रश्न राहतो. आईबाप मुलीला असे का देतात? १८९० मध्ये उत्तर धर्म आणि जात असे मिळते. आज मराठवाड्यात विचारले तर उत्तर वेगळे येते, आणि त्या उत्तरात हिंसा आधी येते, लग्न नंतर.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २३.३ टक्क्यांची लग्ने अठराच्या आत झालेली होती. महाराष्ट्रात हा आकडा २१.९. राज्य पुढारलेले म्हणावे तर देशाच्या सरासरीपेक्षा दीडच टक्का पुढे. परभणीत तो ४८ टक्के आणि बीडमध्ये ४३.७. ऊसतोडीचे हे पट्टे. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, कारखान्याकडे निघते आणि पाडव्यापर्यंत परतत नाही. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी गावी ठेवायची तर म्हाताऱ्या आजीजवळ, सोबत न्यायची तर उसाच्या फडाजवळच्या पाचटाच्या कोपीत, जिला दार नाही, कडी नाही, संडास नाही. दोन्हीकडे आईला झोप नाही. ‘काही वाईटवंगाळ झालं तर तोंड कुठं दाखवायचं?’ या एका वाक्यावर लग्ने ठरतात. शिवाय लग्न झालेली मुलगी म्हणजे नवीन कोयता, नवीन उचल, हेही आहेच.

इथे चक्र पुरे होते. परक्या माणसाच्या हिंसेच्या भीतीने मुलीला लग्नात ढकलले जाते आणि लग्नात तीच हिंसा तिच्यावर होते, फक्त आता तिला हिंसा म्हणायची सोय राहत नाही. आईबाप वाईट नसतात. त्यांनी रस्त्यावरचा धोका खरा ओळखलेला असतो. त्यांना कोणी सुरक्षित वसतिगृह दिलेले नसते, मुलगी सातवीनंतर जाऊ शकेल अशी एसटी दिलेली नसते, छेड काढणाऱ्याला पोलीस विचारतील असा भरवसा दिलेला नसतो. हंगामी वसतिगृहांची योजना कागदावर आहे, ती नीट चालते त्या गावांत लग्ने पुढे ढकलली जातात. म्हणून बालविवाह रोखायचा म्हणजे मांडवात पोलीस पाठवायचे, एवढ्यावर हे काम संपत नाही. बाहेरची हिंसा कमी केल्याशिवाय आतली थांबणार नाही.

दवाखान्याच्या दारात

आज फुलमणीसारखी मुलगी दवाखान्यात आली तर काय होते? पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे डॉक्टरने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. सतरा वर्षांची गरोदर बायको आली, आधार कार्डावर वय दिसले, की गुन्हा नोंदवला जातो: नवऱ्यावर, कधी दोन्हीकडच्या आईबापांवरही. हे १८९० च्या कितीतरी पुढे आहे. पण याचीच भीती बसली की घरचे मुलीला सरकारी दवाखान्यात आणतच नाहीत. वय वाढवून सांगतात, दुसऱ्या तालुक्यात नेतात, घरीच बाळंत करतात. जिला डॉक्टरची सर्वाधिक गरज, तीच डॉक्टरपासून लांब. मोरोपंत जोशींच्या समितीपुढे आलेली अडचण, ‘नवरा आत गेला तर मुलीचे काय’, शंभर वर्षांनी आशाताईच्या वहीत तशीच आहे.

यावर कायदा सैल करा असे मी म्हणणार नाही. कळवण्याची सक्ती काढली तर आज उघड्यावर येणारी प्रकरणेही झाकली जातील. पण गुन्हा नोंदवल्यावर मुलीला कोण सांभाळणार याची व्यवस्था त्याच दिवशी झाली पाहिजे. २००६ च्या कायद्यात तिच्या राहण्याची आणि पोटगीची तरतूद आहे. मुलीच्या मूळ गावचा ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे, अंगणवाडीताई त्याच्या मदतीला आहे, मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा क्रमांक आहे. लग्न थांबवताना ही साखळी बऱ्याचदा हलते. लग्न होऊन गेल्यावर, मुलगी सासरी अडकल्यावर, ती हलत नाही. लग्न लागले की गावाच्या मते विषय संपतो.

आणि एक गाठ अजून सुटलेली नाही. २००६ च्या कायद्याप्रमाणे बालविवाह लावणे हा गुन्हा असला तरी लागलेले लग्न वैध राहते. ते रद्द करून घ्यायचे तर मुलीनेच न्यायालयात जायचे, तेही वीस वर्षांची होण्याच्या आत. म्हणजे आज सोळा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत कायदा एकाच वेळी सांगतो की हा माणूस तुझ्यावर बलात्कार करतो आहे, आणि हा माणूस तुझा कायदेशीर नवरा आहे. ज्या लग्नाने अत्याचार शक्य झाला ते मोडण्याचे ओझे तिच्यावर, सासरच्या घरात राहून, हातात पैसा नसताना, बहुधा कडेवर मूल घेऊन. कर्नाटकाने २०१७ मध्ये आपल्यापुरती दुरुस्ती करून असे लग्न मुळातच शून्य ठरवले, आणि सर्वोच्च न्यायालयाने इंडिपेंडंट थॉटच्या निकालात इतर राज्यांनीही तसे करावे असे सुचवले. तेवढी दुरुस्ती करायला महाराष्ट्राच्या विधिमंडळाला केंद्राची वाट पाहण्याचे कारण नाही. परभणी आणि बीडच्या आमदारांनी ते विधेयक आणावे, आणि आणताना हंगामी वसतिगृहांचा खर्च त्याच अधिवेशनात मागावा.